छत्रीवाला फिरंगी आणि आमचे घरमालक

मागे एकदा व्हिडिओवर बोलताना तुमच्यापैकी धाकटीनं विचारलं होतं, "आजी, तुझ्या मागे कोण ओरडतंय?" मी तेव्हा "कुणी नाही गं, घरमालक आहेत," म्हणून वेळ मारून नेली. ते ओरडत नव्हते. ते घोषणा करत होते. "कॅनडाहून बाईंना आलेला फोन सुरू आहे. तरी मिक्सर लावणाऱ्यांनी कृपया थोडा वेळ थांबावं." मिक्सर लावणारं माणूस घरात एकच होतं, त्यांची बायको, आणि ती त्यांच्या शेजारीच उभी होती.

आपली इमारत पाडून नवी बांधत होते, तेव्हा मी मांडवीच्या बाजूला त्यांच्या घरात भाड्यानं राहिले. पुढे पडवी, पडवीत झोपाळा, आणि परसातल्या माडांच्या फटीतून दिसणारा समुद्र. हे गृहस्थ एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर खिडकीमागे बसून कुठली गाडी कधी सुटणार ते पाहणारा आणि माईकवरून ते सांगणारा माणूस. तुमच्या विमानतळावर हे काम एक गोड आवाजाची, न दिसणारी बाई करते. आमच्या स्टँडवर ते यांनी केलं, आणि निवृत्त झाल्यावर थांबायचं विसरले.

मला सगळं क्रमानं लिहायची सवय आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, मुलांकडून मुद्दे पाडून उत्तरं लिहून घेतली. पण या माणसाचे मुद्दे पडत नाहीत. जसं आठवेल तसं लिहिते.

मी राहायला गेले तो दिवस. आपल्या जुन्या घरापासून त्यांचं घर चालत जाण्याइतकं जवळ. सामानाचा ट्रक फाटकातून आत घेताना हे मधोमध उभे राहून "येऊ दे, येऊ दे, डावी मार, येऊ दे" करत होते. ट्रक थांबला तसे माझ्याकडे वळले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रवास कसा झाला?"

घरातून कुणीही निघालं की ते फाटकापर्यंत पोचवायला यायचे आणि वाहनाच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारायचे. स्टँडवर गाडी सोडायची त्यांची हीच पद्धत होती. आधी माईकवर घोषणा, मग खोलीतून बाहेर, मग पत्र्यावर दोन थापा आणि "चला, सोडा." रिक्षा असो, स्कूटर असो, वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे बघायला आलेल्या डॉक्टरांची नवी कोरी मोटार असो, थापा चुकायच्या नाहीत. एकदा माझी एक जुनी विद्यार्थिनी चालत आली होती. तिच्या पाठीवरच्या सॅकवर थापा बसल्या आणि ती बिचारी खरंच चार पावलं पळाली.

त्यांच्यासमोर "बरं, येते मी" म्हणायची सोय नव्हती. लगेच "कशानं?" असा प्रश्न यायचा. "गाडीला उशीर होत नाही बाई, माणसाला होतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "गाडी उभी असली की माणूस गप्पा मारतो, हलली की धावतो." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे, की मी एकदा मनात त्याचं इंग्रजी भाषांतरही करून पाहिलं. जमलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या जरा उशिरा लक्षात आली. हा माणूस स्वतः कुठेच जात नसे. बाजार, बँक, दाढीचं सामान, एवढं सगळं जुन्या, चढाला दम टाकणाऱ्या स्कूटरवरून. गावाच्या वेशीबाहेर नाही. मुंबईला पुतण्याचं लग्न होतं तेव्हा वहिनी एकट्या गेल्या. तिथं कुणी विचारलं तर "ह्यांना ड्युटी आहे" असं त्या सांगत. निवृत्तीला कितीतरी वर्षं होऊन गेली होती.

आता पुस्तकाकडे येते. सामान लावताना माझ्या पेटीतून एक जुनी इंग्रजी कादंबरी निघाली, प्रवासाची. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही फोनवर सारांश शोधाल आणि संध्याकाळी मला सांगाल, "आजी, वाचली." गोष्ट अशी, की एक पन्नाशी उलटलेला, एकटा, सुखवस्तू फिरंगी एके सकाळी छत्री दुरुस्त करून आणायला बाहेर पडतो. चालत चालत बंदरावर येतो आणि जी बोट आधी सुटेल तिच्यात बसतो. पुढची चारशे पानं तो घरी पोचत नाही.

मी दुपारी पडवीत बसून ती वाचत होते आणि एकटीच हसत होते. हे समोर झोपाळ्यावर होते.

"काय झालं?"

मी सांगितलं.

"कुठली बोट?"

"ते लिहिलेलं नाही अजून."

"वेळ?"

"तीही नाही."

"मग वाचा पुढं," ते म्हणाले. "येईलच कुठंतरी. त्याशिवाय पुस्तक छापतील कसे?"

अशी आमची सुरुवात झाली. रोज चहानंतर मी इंग्रजी वाचायचे आणि लगेच मराठीत सांगायचे. ते झोपाळ्यावर, मी खुर्चीत, आणि वहिनी आतल्या दारात वाल सोलत किंवा नारळ खवत. पहिले काही दिवस फिरंग्याला त्यांच्याकडून फार बोलणी खावी लागली.

"हा मनुष्य चौकशी का करत नाही? बोटीत बसायचं आणि मग शेजाऱ्याला विचारायचं, ही कुठं जाते. असला पॅसेंजर माझ्या खिडकीवर आला असता तर..."

"तर तुम्ही त्याला घरी पाठवला असता," दारातून वहिनी.

"पाठवलाच असता. छत्री दुरुस्त करून."

"बायको नाही का हो बाई त्याला?"

"नाही," मी म्हटलं.

"तरीच," वहिनी म्हणाल्या आणि पुढचा वाल सोलायला घेतला.

पण पुस्तक चढत गेलं. एखाद्या दिवशी मला बँकेतून यायला उशीर झाला, तर हे फाटकात उभे असत. "तो माल्टाला पडलाय कालपासून," असं रागानं म्हणत. बंदरांची नावं त्यांना फार आवडली. सकाळी न्हाणीघराच्या बाहेरून आवाज यायचा, "एडनमार्गे झांझिबारला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया आपल्या आंघोळी उरकून घ्याव्यात." वहिनी आतून पाण्याचा तांब्या आपटायच्या. पण त्यांनाही लागण झाली होतीच. एकदा नारळ खवता खवता थांबून त्यांनी मला विचारलं, "बाई, झांझिबारला नारळ असतात?"

"असतात की. पुष्कळ."

"मग आपल्यासारखंच आहे म्हणजे," असं म्हणून त्या माडांच्या फटीतून समुद्राकडे जरा वेळ बघत राहिल्या. जणू नीट पाहिलं तर पलीकडची एखादी झांझिबारची बाई नारळ खवताना दिसेल.

मग ते प्रकरण आलं. फिरंग्याला बोट लागते. बोट हलली रे हलली की तो कठड्याशी वाकतो, तो पुढचं बंदर येईपर्यंत सरळ होत नाही. मोठं मजेदार लिहिलेलं आहे. मी वर्गात शिकवायचे तसं हातवारे करून वाचलं. वहिनींना हसून हसून ठसका लागला. हे मात्र झोपाळ्यावरून उठले, परसात गेले, आणि सकाळी पाणी घातलेल्या झाडांना पुन्हा पाणी घालू लागले.

"काय झालं त्यांना?" मी विचारलं.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "अहो बाई, तुम्हाला माहीतच नाही? ह्यांना गाडी लागते."

गाडी लागते म्हणजे, मुलांनो, गाडीत बसलं की पोटात ढवळतं. आमच्या वळणांच्या रस्त्यांवर अर्धी माणसं लिंबू हुंगतच प्रवास करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हा माणूस स्टँडचा राजा होता. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या गाड्या याच्या शब्दावर हलायच्या, आणि हा स्वतः कुवारबाव यायच्या आत पिशवी मागायचा. कुवारबाव म्हणजे गावाचंच टोक. हे स्टँडवर कुणालाही कळू न देता त्यांनी सगळी नोकरी काढली. आणि ते वहिनींनी सांभाळलं.

"लग्न झाल्यावर जोडीनं कुलस्वामीला जायचं असतं की नाही?" वहिनी हळू आवाजात सांगू लागल्या. "आमचा कुलस्वामी वेळणेश्वर. ह्यांनी ऐनवेळी पाय मागे घेतला. तेव्हा सासूबाई मला घेऊन गेल्या, आणि ह्यांच्या जागी ह्यांचं उपरणं. मी उपरण्याच्या शेजारी उभी राहून नमस्कार केलाय, बाई. गुरवानं उपरण्यालासुद्धा गंध लावलं."

आता हसायची पाळी माझी होती. पण वहिनी हसत नव्हत्या.

"मला काही आफ्रिका नको," त्या म्हणाल्या. "पण एकदा शेजारी माणूस उभा हवा. दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी. माझे गुडघे आता किती वर्षं पुढच्या वर्षी म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते झोपाळ्यावर येऊन बसले. मी पुस्तक उघडलं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पुढं काय झालं?"

"कुणाचं?"

"त्याचं. उतरला का तो बोटीतून?"

"नाही. तसाच गेला."

"मग बंदर आल्यावर घरी परत फिरला असेल."

"दुसऱ्या बोटीत बसला."

त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. "म्हणजे लागते, आणि जातो?"

"हो."

"असं चालतं?"

मी इतकी वर्षं मुलांना पुस्तकं शिकवली. नायकाचं स्वभावचित्र रेखाटा, शीर्षकाची समर्पकता सांगा, असे शेकडो प्रश्न मी विचारले आणि तपासले. पण पुस्तक मिटल्यावर "असं चालतं?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चालत असावं. त्याचं चाललं."

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला वहिनी 'डोकं फिरणं' म्हणत आणि ते 'सराव' म्हणत. बोट म्हणजे काय, तर मोठा झोपाळा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. सकाळी ते झोपाळ्यावर बसायचे आणि वहिनींना झोका द्यायला लावायचे. सुरुवातीला उपाशीपोटी. मग पेज पिऊन. मग घावने खाऊन. सरळ झोका म्हणजे सपाटीचा रस्ता. आडवं बसून, झोपाळ्याला तिरका हिसका देऊन घेतलेला झोका म्हणजे घाट. मधे मधे ते डोळे मिटून वेळणेश्वरच्या वाटेवरची ठिकाणं सांगायचे. "निवळी आली. चाफे आलं. जरा हळू गो, चाफ्याला वळण आहे."

"चाफ्याला वळण असेल, माझ्या हातात पेटका आहे," वहिनी म्हणायच्या आणि मुद्दाम जोरात ढकलायच्या.

येणारे-जाणारे फाटकाशी थांबून बघायचे. शेजारच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बरं नाही का त्यांना?" मी म्हटलं, "प्रवासाला निघालेत." "कुठं?" "सध्या खंडाळ्यापर्यंत पोचलेत." त्या बाई नंतर बरेच दिवस माझ्याशीही जपून बोलायच्या.

तुम्ही विचाराल, मोटार का नाही केली? मोटारीत त्यांना गाडीहून जास्त होतं. शिवाय ते म्हणाले, "जाईन तर लाल गाडीनं जाईन. इतकी वर्षं लोकांना बसवलं, मला काय सोनं लागलंय?" वेळणेश्वरचा मार्ग ठरला तो असा, की रत्नागिरीहून गाडीनं जयगड, तिथून खाडी ओलांडायला फेरीबोट, पलीकडे तवसाळ, आणि तवसाळहून रिक्षानं वेळणेश्वर. चिपळूणवरूनही जाता येतं, पण त्यात बोट नाही, आणि बोट हवीच होती.

थंडीचे दिवस होते, आंबा मोहरला होता. वहिनींनी मला बरोबर ओढलं. "तुम्ही पुस्तक आणलंत, तुम्हीच चला." मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. लिंबं, आवळासुपारी, पाणी, पिशव्या, पिशव्या गळल्या तर वरून घालायला आणखी पिशव्या. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. स्टँडपर्यंत ते स्कूटरवर आणि आम्ही दोघी रिक्षानं.

स्टँडवर बातमी आधीच पोचली होती. साहेब आज पॅसेंजर म्हणून येणार. जुने ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनवाला, सगळे गोळा झाले. जयगडच्या गाडीचा ड्रायव्हर जुना, निवृत्तीला टेकलेला. त्यानं उमेदीची सगळी वर्षं यांच्या थापांवर गाड्या काढण्यात घालवलेली. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, चुणचुणीत. आम्ही दोघी आत बसलो. वहिनींनी शेजारच्या खिडकीच्या जागेवर त्यांचा रुमाल टाकला आणि वर हात ठेवून बसल्या, कुणी घेऊ नये म्हणून.

तेवढ्यात नियंत्रकाच्या खोलीतला नवा माणूस, जो एकेकाळी यांच्या हाताखाली होता, तो म्हणाला, "साहेब, आजची घोषणा तुमची."

त्यांनी नको नको केलं आणि माईक घेतला.

मुलांनो, तो आवाज मी तोवर मिक्सर आणि आंघोळीच्या बाबतीतच ऐकला होता. स्टँडच्या छताखाली तो वेगळाच होता. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. रत्नागिरीहून निवळी, चाफे, खंडाळामार्गे जयगडला जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." इतकं भारदस्त सांगितलं, की चिपळूणला निघालेले एक गृहस्थ ऐकता ऐकता आमच्या गाडीत येऊन बसले.

मग ते खोलीतून बाहेर आले. ताठ चालत आमच्या गाडीपाशी आले. आणि हात उचलून त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"चला, सोडा."

ड्रायव्हरनं सोडली.

मी मागच्या काचेतून बघत होते. ते फलाटावर उभे होते, हात अजून वर, चेहऱ्यावर गाडी वेळेवर सुटल्याचं पूर्ण समाधान. गाडी फाटकाशी वळेपर्यंत ते समाधान टिकलं. मग मात्र त्यांनी एकदा आपल्या हाताकडे पाहिलं आणि एकदा गाडीकडे.

कंडक्टर मुलीनं बेलच्या दोरीला हात घातला.

"थांब गो," वहिनी म्हणाल्या. "वाजवू नको."

"अहो काकी, साहेब खाली राहिले."

"राहिले ना. आयुष्यभर लोकांना सांगत आले, गाडी गेली तर मागची पकडा. पकडू देत आता."

"मागची दुपारी आहे, काकी."

"त्यांना माहीत आहे ते."

चिपळूणचे गृहस्थ कुवारबावला बडबड करत उतरले. त्यांच्यासाठी गाडी थांबली तेव्हाही वहिनी उठल्या नाहीत. यांचा फोन आमच्याच पिशवीत होता, त्यामुळे तीही सोय नव्हती. मी हळूच विचारलं, "आणि नाहीच आले तर?"

"तर मी एकटी जाईन," त्या म्हणाल्या. "आज तर मी उपरणंसुद्धा आणलेलं नाही." हे त्या हसून म्हणाल्या. पण रिकाम्या जागेवरच्या रुमालावरचा त्यांचा हात जयगड येईपर्यंत हलला नाही.

जयगडला धक्क्यावर फेरीबोट उभीच होती. वहिनी कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ही जाऊ दे." ती गेली. पलीकडे पोचली, माणसं आणि मोटारी घेऊन परत आली. वहिनी उतरणीच्या रस्त्याकडे बघत होत्या. मी घड्याळाकडे. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, की ते स्कूटर काढून घरी गेले आहेत आणि झाडांना पाणी घालताहेत. वहिनींच्याही डोक्यात तेच असणार.

मोटारी चढल्या. मोटारसायकली चढल्या. "चला बाई," म्हणून वहिनी उठल्या, गुडघे धरून हळूहळू बोटीवर आल्या, आणि रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बोटीचा भोंगा झाला. फळी उचलायची साखळी खडखडली.

तेवढ्यात उतरणीवरून हॉर्न वाजवत एक टेम्पो आला. बंदरावर मासळीसाठी बर्फ घेऊन येणारा, मागून पाणी गळणारा. ड्रायव्हरच्या शेजारच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलेलं, केस उभे, तोंड उघडं. ड्रायव्हर मिरकरवाड्याचा, दाढीवाला. तो अर्धा बाहेर वाकून ओरडला, "ओ बोटवाले, थांबवा. चाचांची बायको हाय बोटीत."

अख्खी बोट वहिनींकडे बघू लागली.

ते खाली उतरले. रंग कच्च्या कैरीसारखा झालेला. पांढऱ्या शर्टाचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. टेम्पोवाला त्यांना धरायला गेला, तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि फळीवरून एकटे चालत वर आले. टेम्पोवाल्यानं खालूनच आम्हाला सांगितलं, "स्टँडसमोर टेम्पोला आडवे झाले. चाफ्याला थांबवायला लावली, खंडाळ्याला लावली, मधे रानात लावली. मी म्हटलं, चाचा, परत सोडू काय? तर म्हणतात, परत नाय, पुढं घे."

वहिनींनी लिंबू पुढे केलं.

"नको," ते म्हणाले. "आत काही राहिलेलंच नाही." मग दम घेऊन म्हणाले, "गाडी वेळेवर सुटली ना?"

"तुम्हीच सोडलीत."

"वेळेवरच सुटली," ते म्हणाले, आणि तिथेच एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले.

बोट निघाली. खाडी तिथे रुंद आहे, एका बाजूला उघडा समुद्र दिसतो, आणि बोट चांगली हलते. मी पिशवी तयार ठेवली. ते उठून कठडा धरून उभे राहिले. आधी उघड्या समुद्राकडे पाहिलं, मग मागे राहिलेल्या धक्क्याकडे.

"एवढं पाणी आहे होय इथं," ते म्हणाले. "बाई, मी हजारदा जयगड म्हणालो असेन. नुसता शब्द होता तो. इथं बघा, केवढं आहे." त्यांनी समोरचा किनारा पाहिला. "म्हणजे तवसाळसुद्धा आहे. वेळणेश्वर आहे. मंडणगड असणार."

"असणारच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही इतक्या गाड्या पाठवल्यात, त्या काय दर्यात बुडाल्या?"

ते हसायला लागले. हसता हसता त्यांना पुन्हा भडभडून आलं, ते कठड्यावरून वाकले, आणि वर येऊन पुन्हा हसायला लागले. एक मोटारसायकलवाला घाबरून बाजूला सरकला. वहिनी त्यांची पाठ चोळत होत्या आणि स्वतःही हसत होत्या. मला फिरंग्याची आठवण झाली. तो बिचारा कठड्याशी नेहमी एकटाच असायचा.

तवसाळहून रिक्षातही दोनदा उतरावं लागलं. पण आता त्याचं कुणालाच काही वाटेना, त्यांनाही नाही. रिक्षा थांबली की ते उतरायचे आणि परत येऊन "चला" म्हणायचे. एकदा तर येताना रस्त्याकडेचं एक पिवळं रानफूल घेऊन आले आणि वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी ते घाईघाईनं पिशवीत टाकलं, रिक्षावाला बघत होता म्हणून.

वेळणेश्वरला देवळाबाहेर एक म्हातारी फुलं, बेल आणि हार घेऊन बसली होती. वहिनींनी हार मागितला आणि आपणहून म्हणाल्या, "पहिलंच जोडीचं दर्शन आहे हो आमचं."

म्हातारीनं वहिनींचे पांढरे केस पाहिले. मग चिऱ्याच्या भिंतीला धरून उभ्या असलेल्या यांच्याकडे पाहिलं. तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिनं हार मागे घेतला.

"मंग नाव घ्या आधी. नाव घेतल्याबिगर मी हार देणार नाय."

"ह्या वयात?" वहिनी म्हणाल्या.

"वय देवाला सांगा. आधी नवऱ्यानं घ्यायचं."

हे अडकले. भिंत सोडली, पुन्हा धरली. आजूबाजूची दोन-चार माणसंही थांबली. मी त्यांना काहीतरी सुचवणार होते, पण त्यांनी हातानं मला थांबवलं. मग घोषणेचा नाही, अगदी साधा, जरा घोगरा आवाज काढून म्हणाले,

"वळणावळणाचा रस्ता, रस्त्यापुढं खाडी,
——ला गाठलंच, सुटली तरी गाडी."

मधलं नाव मी लिहीत नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी. म्हातारीनं मान डोलावली आणि वहिनींकडे बोट केलं. मला वाटलं वहिनी लाजतील, नको म्हणतील. वहिनींनी पदर सावरला, याचीच वाट बघत असल्यासारखं, आणि एका दमात म्हणाल्या,

"पुढं गेली बायको, मागून आले ——राव,
देवा, आता दाखव यांना आणखी एक गाव."

म्हातारी खदखदून हसली आणि तिनं हार दिला. दोघं आत गेली. त्यांना घेरी येत होती आणि वहिनींचे गुडघे धरले होते, त्यामुळे कोण कुणाच्या आधारानं चाललंय हे मागून काही कळत नव्हतं. मी बाहेर तिघांच्या चपला ओळीत लावल्या आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले. आत आज दोघांचंच काम होतं.